गरीब कोणाला म्हणावे?



जून २०२५ मध्ये जगातील अतिगरिबांची संख्या एकाएकी साडेबारा कोटींनी वाढली. त्याला कोणते युद्ध कारण नव्हते, दुष्काळ नव्हता की महापूर नव्हता. वॉशिंग्टनमधील जागतिक बँकेने आपली दारिद्र्यरेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, एवढेच घडले. २०२२ या वर्षासाठी पूर्वी ७१ कोटी ३० लाख माणसे अतिगरीब धरली होती. नव्या हिशेबाने तीच संख्या ८३ कोटी ८० लाख झाली. काल जो कागदावर गरीब नव्हता, तो आज गरीब ठरला. त्याच्या चुलीवरचे भांडे तेच होते आणि त्यातली पेजही तेवढीच होती.

त्याच हिशेबात आपल्या देशाचा आकडा मात्र खाली आला. तीन डॉलरच्या रेषेखाली २०११-१२ साली २७.१ टक्के भारतीय होते, ते २०२२-२३ साली ५.३ टक्के उरले, असे बँक सांगते. या दहा-अकरा वर्षांत पुष्कळ घरांची परिस्थिती खरोखर सुधारली, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण त्याच काळात घरखर्चाची पाहणी करण्याची पद्धतही बदलली. 'गेल्या महिन्याभरात भाजीवर किती खर्च झाला?' असे विचारले तर माणसाला सगळे आठवत नाही. 'गेल्या सात दिवसांत किती?' असे विचारले तर जास्त आठवते. जास्त आठवले की खर्च जास्त दिसतो, आणि खर्च जास्त दिसला की गरिबी कमी दिसते. म्हणजे आकडा हलला तो काही अंशी जगण्यामुळे आणि काही अंशी प्रश्नामुळे.

हे सारे मोठ्या लोकांचे हिशेब आहेत, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. पण हाच प्रश्न आपल्या धर्मग्रामाच्या सहाय्य समितीपुढे दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी येऊन उभा राहतो. निधी ठरावीक असतो, अर्ज जास्त असतात. कोणाच्या मुलाची फी भरायची आणि कोणाला 'यंदा जमणार नाही' म्हणून सांगायचे? पिवळे रेशनकार्ड असेल त्यालाच मदत द्यावी, असे काहींचे म्हणणे. कार्ड पाहू नये, घर पाहावे, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही बाजूंची माणसे मनाने चांगली आहेत. म्हणून यंदाची यादी करण्यापूर्वी आपण सर्वांनी थोडा विचार करावा, यासाठी हे पान.

रेषा आली कुठून?

दारिद्र्याचे मोजमाप करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक आपल्या मुंबईचे होते. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत आपला 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा निबंध वाचला. माणसाला जगण्यासाठी कमीत कमी किती लागते हे ठरवताना त्यांनी दोन मापे हाताशी घेतली: मजूर म्हणून परदेशी नेल्या जाणाऱ्या माणसांना बोटीवर मिळणारा शिधा आणि तुरुंगातील कैद्यांवर होणारा खर्च. १८६७-६८ च्या भावाने त्यांनी माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये अशी गरज काढली. ती प्रांताप्रांतानुसार बदलत होती. मग त्यांनी दाखवून दिले की, प्रांतामागून प्रांतात माणशी उत्पन्न कैद्याच्या अन्नवस्त्रावरच्या खर्चापेक्षाही कमी आहे. प्रामाणिकपणे राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला गुन्हेगाराएवढेही येत नाही, हे राज्यकर्त्यांच्याच आकड्यांनी त्यांनी राज्यकर्त्यांना ऐकवले.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९०१ साली, इंग्लंडमधील यॉर्क शहराविषयी सीबोम राऊंट्री यांचे पुस्तक आले. ते चॉकलेटचा कारखाना चालवणाऱ्या क्वेकर पंथीय कुटुंबातले. १८९९ मध्ये त्यांनी आपल्या शहरातील कामगारांच्या घरोघरची माहिती गोळा केली. नवरा, बायको आणि तीन मुले अशा कुटुंबाला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, अशी त्यांनी रेषा आखली. अन्नाचे माप त्यांनी अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमातील जेवणावरून घेतले आणि तेही आणखी काटकसरीचे केले. खाटकाकडचे मांस त्यात अजिबात नव्हते. एवढ्या कडक मापानेही यॉर्कमधील सुमारे दहा टक्के लोक रेषेखाली निघाले. ज्यांची मिळकत रेषेइतकी होती, पण ज्यांच्या घरी प्रत्यक्षात दैन्य दिसत होते, त्यांना मिळवून हा आकडा जवळजवळ २८ टक्के झाला.

या रेषेवर जगणाऱ्या कुटुंबाला काय काय करता येणार नाही, याची यादीच राऊंट्री यांनी दिली आहे. आगगाडीला किंवा घोड्याच्या बसला पैसे नाहीत. वर्तमानपत्राला नाहीत. दूर गेलेल्या मुलाला पत्र लिहायचे तर तिकिटाला नाहीत. मुलांना गोट्या, बाहुली, गोळ्या नाहीत. बापाला तंबाखू नाही. शेजाऱ्याच्या अडचणीला पैशाची मदत करणे नाही. आणि चर्चच्या दानात कधी एक नाणेही टाकायचे नाही.

ही शेवटची गोष्ट वाचून आपण थोडे थांबायला हवे. राऊंट्री स्वतः धार्मिक वृत्तीचे होते. दान त्यांना नकोसे होते म्हणून त्यांनी ते वगळले नाही. गरीब लोक उधळपट्टीमुळे गरीब होतात, असे म्हणणाऱ्यांचे तोंड त्यांना बंद करायचे होते. म्हणून जिच्यात उधळपट्टीला फटच उरणार नाही, अशी रेषा त्यांनी मुद्दाम आखली. असे कोणी जगावे, हे त्यांचे म्हणणे नव्हते. १९३६ मध्ये त्यांनी यॉर्कची पुन्हा पाहणी केली, तेव्हा वर्तमानपत्र, रेडिओ, टपालाचे तिकीट असल्या गोष्टी त्यांनी स्वतःच हिशेबात धरल्या.

दादाभाईंनी तुरुंगाचे माप घेतले आणि राऊंट्रींनी आश्रमाचे. दोघांचाही हेतू दोष दाखवण्याचा होता. पण तुरुंगातल्या माणसाच्या घरी पाहुणा येत नाही. त्याला मुलीचे लग्न करायचे नसते, शेजारच्या मयताला जायचे नसते. एखादे माप हातात आले की ते कशासाठी घेतले होते, हे लोक विसरतात. 'एवढ्यातही हे भागत नाही' असे दाखवण्यासाठी काढलेली रेषा पुढे 'एवढ्यात भागवा' असे सांगू लागते. दारिद्र्यरेषेच्या इतिहासातला हा मोठा धोका आहे.

पोटापुरते म्हणजे किती?

स्वतंत्र भारतात १९६२ साली तज्ज्ञांच्या एका गटाने माणशी महिना २० रुपये, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला १०० रुपये, असे किमान प्रमाण सुचवले. हे भाव १९६०-६१ चे. शिक्षण आणि आरोग्य यांचा खर्च त्यात धरला नव्हता, कारण ते सरकार पुरवील असे गृहीत होते. १९७१ मध्ये पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी उष्मांकांचा आधार घेतला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील अशा खर्चाची रेषा काढली तर ती खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येते, असे त्यांनी मांडले. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक हे प्रमाण घेतले. १९७३-७४ च्या भावाने त्याचे अनुक्रमे ४९ रुपये ९ पैसे आणि ५६ रुपये ६४ पैसे झाले.

त्यानंतर बरीच वर्षे महागाईप्रमाणे हाच आकडा वाढत राहिला. पण जगणे बदलले होते. मुले खासगी शाळेत जाऊ लागली, दवाखान्याला पैसे पडू लागले, कामासाठी रोज लोकल पकडावी लागू लागली. सरकार पुरवील म्हणून ज्या गोष्टी बाहेर ठेवल्या होत्या, त्यांचे बिल माणसाच्या खिशातून जाऊ लागले. रेषेला मात्र त्याची खबर नव्हती. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने उष्मांकांना बांधलेली ही पद्धत सोडली आणि शिक्षण-आरोग्याच्या खर्चाची दखल घेतली. तरीही सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यासाठी २६ रुपये असा आकडा प्रतिज्ञापत्रावर सांगितला, तेव्हा देशभर संताप उसळला. २०१४ मध्ये सी. रंगराजन यांच्या समितीने तो शहरासाठी ४७ आणि खेड्यासाठी ३२ रुपयांवर नेला.

याचा परिणाम पाहा. २०११-१२ हे वर्ष एकच, देश एकच. तेंडुलकर पद्धतीने त्या वर्षी २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी लोक गरीब होते. रंगराजन पद्धतीने २९.५ टक्के, म्हणजे ३६ कोटींहून अधिक. मधली नऊ कोटी माणसे गरीब आहेत की नाहीत, हे कोणती समिती वाचता यावर अवलंबून होते. पुढे नियोजन आयोगच बंद झाला आणि खर्चावर आधारलेली नवी अधिकृत रेषा देशाने त्यानंतर जाहीर केलेली नाही.

असे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात मॉली ओरशान्स्की या सरकारी कर्मचारी महिलेने साधा हिशेब मांडला. १९५५ च्या पाहणीत कुटुंबे उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करीत होती. म्हणून स्वस्तातल्या जेवणाचा खर्च गुणिले तीन, ही गरिबीची रेषा. १९६९ मध्ये ती सरकारने स्वीकारली आणि महागाईची भर घालत अजून तीच चालू आहे. आज तिथल्या घरात अन्नाचा वाटा पुष्कळ कमी झाला आहे. घरभाडे आणि औषधपाण्याचा वाढला आहे. पण 'गुणिले तीन' तसेच राहिले.

युरोपने वेगळी वाट धरली. देशातील सर्वांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभे केले, तर अगदी मधल्या माणसाला जेवढे मिळते, त्याच्या ६० टक्क्यांहून कमी ज्याला मिळते तो गरिबीच्या धोक्यात, असे तिथे मानतात. म्हणजे तिथे गरिबी मोजतात ती शेजाऱ्याच्या तुलनेत. यातही गंमत होते. २०१०-११ मध्ये ब्रिटनमध्ये मंदीमुळे मधल्या माणसाचे उत्पन्नच घसरले, तशी रेषाही खाली आली आणि तीन लाख मुले 'गरिबीतून बाहेर' पडली. त्यांच्या ताटात काहीच वाढले नव्हते.

मग खरे कोणाचे? पोट मोजणाऱ्यांचे की शेजाऱ्याशी तुलना करणाऱ्यांचे? अमर्त्य सेन यांनी या वादावर जे उत्तर दिले ते आम्हांला पटते. त्यांनी ॲडम स्मिथ यांच्या १७७६ च्या ग्रंथातील एका उदाहरणाकडे लक्ष वेधले. तागाचा सदरा जगायला आवश्यक नाही. जुन्या काळी ग्रीक-रोमन लोक त्याच्याविना सुखाने राहत. पण स्मिथच्या काळातल्या मजुराला तो नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटे. सेन म्हणतात, लाज न वाटता चारचौघांत वावरता येणे, ही गरज सगळीकडे सारखीच आहे; ती भागवायला लागणारे सामान मात्र देशोदेशी आणि काळाप्रमाणे बदलते. आपल्याकडचेच पाहा. पंचवीस वर्षांपूर्वी मोबाईल ही चैन होती. आज शाळेचा निरोप मोबाईलवर येतो, मजुराला कामाचे बोलावणे मोबाईलवर येते. ज्या घरी तो नाही, ते घर केवळ एका वस्तूला मुकत नाही, ते माणसांतून बाहेर पडते.

ढिगाचा पेच

आता तत्त्वज्ञानातील एक जुने कोडे पाहू. ते ग्रीक विचारवंत युबुलिडीस याच्या नावाने सांगितले जाते. खळ्यावर भाताची रास आहे. एक दाणा काढला तर ती रास राहते का? राहते. आणखी एक काढला तर? तरीही राहते. असा एकेक दाणा काढत गेलो तर शेवटी एकच दाणा उरतो. मग रास नेमकी कोणत्या दाण्याला संपली?

गरिबीचे असेच आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तीन रंगांची रेशनकार्डे आली. वर्षाला १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्याहून एक रुपया जास्त ते एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. पंधरा हजारांचे कुटुंब आणि पंधरा हजार एक रुपयाचे कुटुंब यांच्या सुखदुःखात काय फरक असणार? तरी एका रुपयाने कार्डाचा रंग बदलतो. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गणनेत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. एका गुणाने घर यादीत आले किंवा यादीबाहेर राहिले.

यावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. पहिला असा की, रेषा कुठेही आखता येते, म्हणजे गरिबी हाच भ्रम आहे, ज्याचा त्याचा समज आहे. पण दिवस संपून रात्र नेमकी कोणत्या मिनिटाला होते हे सांगता येत नाही, म्हणून दुपार आणि मध्यरात्र एकच ठरत नाहीत. उपाशी पोटी निजलेले मूल ही मध्यरात्र आहे. तिथे वाद नाही. दुसरा निष्कर्ष असा की, रेषा म्हणजे रेषा, नियम म्हणजे नियम. पण रेषा निसर्गाने आखलेली नाही, आपण आखली आहे. ज्या कामासाठी आखली तेवढ्याच कामात तिचा अधिकार चालतो.

ते काम कोणते? मोजण्याचे. लाखो माणसे मोजताना काही चुकून आत येतात, काही चुकून बाहेर जातात, तरीही गेल्या दहा वर्षांत परिस्थिती सुधारली की बिघडली हे कळते. सरकारला जाब विचारायला असा आकडा हवाच. दादाभाईंनी तो तसाच वापरला. पण आपल्या दारात उभ्या असलेल्या एका माणसाच्या बाबतीत चुका एकमेकींना भरून काढत नाहीत. दुसरा कोणी चुकून आत आला, म्हणून चुकून बाहेर राहिलेल्या मुलीची फी भरली जात नाही.

आकड्याचा आणखी एक मोह असतो. तोही सेन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिला. समजा, दहा घरांना रेषा गाठायला महिना दोनशे रुपये कमी पडतात आणि एका घराला दोन हजार. आपल्याकडे दोनच हजार रुपये आहेत. दहा घरांना दोनशे-दोनशे दिले तर गरिबांची संख्या दहाने कमी होते आणि वार्षिक अहवाल छान दिसतो. ते एक घर होते तिथेच राहते. नुसती डोकी मोजली की सर्वांत खोल पडलेला माणूस सर्वांत शेवटी ठेवणे फायद्याचे होऊन बसते. चांगली माणसेही या सापळ्यात सापडतात.

ज्यांना विचारले नाही

अलीकडे पैशाच्या पलीकडे पाहण्याचे प्रयत्न झाले. २०१० पासून ऑक्सफर्डमधील संशोधक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम मिळून आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिन्ही अंगांनी उणीव मोजतात. पोषण, शाळा, पिण्याचे पाणी, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन असे दहा निकष. त्यांपैकी एक तृतीयांश भाराइतकी उणीव असेल ते घर गरीब. भारताने त्यात गरोदरपणातील आरोग्यसेवा आणि बँक खाते हे दोन निकष जोडले. नीती आयोगाच्या या हिशेबात २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के लोक गरीब होते, ते २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के झाले. ही चांगली प्रगती आहे.

पण या सर्व मापांत एक गोष्ट समान आहे: माप ठरवणारे गरीब नव्हते. फादर जोसेफ रेझिन्स्की हे फ्रान्समधील धर्मगुरू स्वतः अत्यंत दारिद्र्यात वाढले होते. १९५७ मध्ये त्यांनी पॅरिसजवळील नॉयझी-ल-ग्रां येथील निराश्रितांच्या छावणीत 'एटीडी फोर्थ वर्ल्ड' ही चळवळ सुरू केली. त्यांच्या पुढाकाराने १७ ऑक्टोबर १९८७ रोजी पॅरिसमध्ये गरिबीने पीडलेल्यांच्या सन्मानार्थ शिळा बसवली गेली, आणि तोच दिवस १९९३ पासून संयुक्त राष्ट्रे दारिद्र्य निर्मूलन दिन म्हणून पाळतात. या चळवळीने ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर बांगलादेश, बोलिव्हिया, फ्रान्स, टांझानिया, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांत गरिबीत जगणाऱ्यांनाच संशोधक म्हणून सोबत घेतले. २०१९ मध्ये त्यांनी गरिबीची नऊ अंगे मांडली. अपुरे उत्पन्न, चांगल्या कामाचा अभाव ही त्यांत होतीच. पण लोकांकडून होणारा अपमान, कचेऱ्यांतून मिळणारी वाईट वागणूक, आणि आपण जे देतो त्याची कोणी दखल घेत नाही हे दुःख, हीसुद्धा होती.

आपण जे देतो! इथे राऊंट्रींच्या यादीतली ती ओळ पुन्हा आठवते. चर्चच्या दानासाठी नाणे नसणे, शेजाऱ्याला मदत न करता येणे. शंभर वर्षांनंतर गरिबांना विचारले, तेव्हा त्यांनी तेच सांगितले. गरीब माणसाला भूक लागते तशी देण्याचीही भूक असते. ज्या मापात देण्याला जागा नाही, ते माप माणसाला केवळ तोंड समजते, हात समजत नाही. शुभवर्तमानातील ती विधवा या लेखातल्या प्रत्येक रेषेखाली बसली असती. पण प्रभूने तिला घेणाऱ्यांच्या रांगेत नव्हे, देणाऱ्यांच्या रांगेत पाहिले.

आपल्या यादीचे काय?

सहाय्य समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मांडलेला आक्षेप आपण नीट ऐकला पाहिजे. ते म्हणतात, नियम ढिला केला की वशिला शिरतो. ज्याला बोलता येते, ज्याची ओळख आहे, त्याचे काम होते. मुकाट बसणारा राहून जातो. हे अगदी खरे आहे. नियम असला की गरीब माणूस ताठ मानेने म्हणू शकतो, 'हे माझे कार्ड, मला मिळायला हवे.' नियम नसला की त्याला आपली मर्जी सांभाळावी लागते. रेषा गरिबाला आपल्या लहरीपासून वाचवते. म्हणून रेषा पुसून टाकावी असे आमचे म्हणणे नाही. ती दरवाजा व्हावी, भिंत होऊ नये, एवढेच आहे. त्यासाठी काही सूचना विचारार्थ ठेवतो.

१. पिवळे कार्ड असलेल्या कुटुंबाकडे आणखी कोणताही पुरावा मागू नये. कार्ड नसलेल्या अर्जदाराला केवळ त्या कारणाने नाकारू नये. समितीतील दोघांनी घरी जाऊन यावे आणि आपल्या निर्णयाचे कारण लेखी नोंदवावे. कारण लिहावे लागले की वशिल्याला आळा बसतो.

२. किती घरांना मदत केली, यावर आपले यश मोजू नये. सर्वांत खोल अडचणीतल्या घरापासून सुरुवात करावी, मग एकूण घरे कमी झाली तरी चालेल.

३. मदत घेणाऱ्यांची नावे फलकावर लावू नयेत, वेदीवरून वाचू नयेत आणि वह्या-गणवेश देताना फोटो काढू नयेत. हिशेब मात्र धर्मग्रामापुढे पैन् पैचा ठेवावा.

४. ज्या घराला मदत दिली, त्या घराला देण्याचा हक्क राहू द्यावा. गायनमंडळात, सणाच्या तयारीत, आजाऱ्यांच्या भेटीला त्यांना बोलवावे. त्यांनी दानाच्या पाकिटात दहा रुपये घातले, तर 'तुम्ही कशाला?' असे म्हणून परत करू नयेत.

शेवटची गोष्ट आपणां सर्वांसाठी. संत थॉमस अक्वायनस यांनी गरजेचे दोन प्रकार केले आहेत: जिच्याविना जगताच येत नाही ती गरज, आणि जिच्याविना आपल्या परिस्थितीला साजेसे नीट जगता येत नाही ती गरज. या दोन्ही भागल्यावर जे उरते ते अतिरिक्त, आणि त्यातून गरजूला देणे हे त्यांच्या मते कर्तव्यच आहे. म्हणजे त्यांनी रेषा आखली ती देणाऱ्याच्या घरात. आजचे जग गरिबाचे घर उष्मांकांपासून शौचालयापर्यंत तपासते. पण 'पुरे' कुठे होते, ही रेषा कोणी आपल्या घरात आखत नाही. लग्नाच्या जेवणात किती पदार्थ म्हणजे पुरे, घरात किती गाड्या म्हणजे पुरे, बँकेत किती ठेव म्हणजे पुरे? हा आकडा धर्मगुरूंनी सांगायचा नाही, समितीनेही ठरवायचा नाही. प्रत्येक घराने तो रात्रीच्या प्रार्थनेनंतर एकत्र बसून ठरवावा, आणि ठरवताना मुलांनाही विचारावे.

वरील सूचनांवर पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये चर्चा होईल. सर्व वाड्यांतील प्रतिनिधींनी यावे. ज्यांना पूर्वी कधी मदत मिळाली होती किंवा नाकारली गेली होती, त्यांनी तर अवश्य यावे. कारण या विषयात सर्वांत जास्त माहिती त्यांनाच आहे.

आपला,
धर्मगुरू